काट्याएवढी वाट

(ग्रामीण भागातील आरोग्यरक्षक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



आषाढ लागला की कोकणात आणि मावळात भाताच्या खाचरांतून माणसे दिवसभर गुडघाभर चिखलात उभी असतात. आठ-पंधरा दिवसांत पायांच्या बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, भिजून फुगते आणि सोलून निघू लागते. त्या चिखल्या. चिखल्यांना आजार म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. कोणी मेंदी लावतो, कोणी हळद आणि तेल. बहुतेकांचे त्यावर भागतेही. परंतु एखाद्याला संध्याकाळी अचानक हुडहुडी भरते, जांघेत अवधाण येते आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा पाय लालबुंद, ताठ आणि तापलेला. घरातील माणसे म्हणतात, काहीतरी चावले असावे. चावलेले काहीच नसते. बोटांच्या बेचक्यातील त्या भेगेतून कोणीतरी आत शिरलेले असते.

आत शिरणारे हे कोण, त्यांचा शोध कसा लागला आणि त्यांच्याशी गाठ पडली असता आपण काय करावे आणि काय करू नये, हा आजचा विषय आहे. विषय डॉक्टरांचा आहे हे खरे. पण डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणी असतो आणि काटा गावात मोडतो.

मनुष्याची त्वचा ही एक तटबंदी आहे. तिच्या बाहेरच्या अंगावर असंख्य सूक्ष्म जीव सुखाने राहतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारकच. ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ नावाचा एक गोल जंतू मात्र संधीची वाट पाहणारा आहे. दर चार-पाच निरोगी माणसांपैकी एकाच्या नाकपुड्यांत तो कायमचा मुक्काम ठोकून असतो आणि त्या माणसाला त्याचा काहीही त्रास नसतो. किल्ला बहुधा तोफांनी पडत नाही. कोणीतरी दिंडी दरवाजा उघडा ठेवतो म्हणून पडतो. खाजवलेली जागा, दाढी करताना लागलेले पाते, नखाच्या कडेची ओढून काढलेली साल, चिखली, काटा, हे सारे दिंडी दरवाजेच.

या जंतूला नाव देणारा अलेक्झांडर ऑगस्टन हा स्कॉटलंडमधील अबर्डीन नगरीचा शल्यचिकित्सक होता. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होणे हा नियमच मानला जाई. काही जुनी मंडळी तर पू येणे हे जखम भरण्याचे सुचिन्ह समजत. जोसेफ लिस्टरने १८६७ साली कार्बोलिक आम्ल वापरून जखमा निर्दोष राखण्याची रीत मांडली होती. परंतु पुवात नेमके काय असते, हे डोळ्यांनी कोणी नीट दाखवून दिलेले नव्हते. ऑगस्टनने ब्रिटिश मेडिकल असोसिएशनकडून ५० पौंडांचे अनुदान मिळवले, घराच्या परसात छोटी प्रयोगशाळा थाटली आणि गळवे फोडल्यावर निघणारा पू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. प्रत्येक तीव्र, तापलेल्या गळवात त्याला गोल जंतूंचे पुंजके किंवा माळा दिसल्या. दीर्घकाळ राहणाऱ्या थंड गळवांत मात्र ते दिसेनात. ती गळवे बहुधा क्षयाची असत. कोंबडीच्या अंड्यात त्याने हे जंतू वाढवले, ते प्राण्यांना टोचले आणि तशीच गळवे उत्पन्न करून दाखविली. १८८० साली बर्लिन येथे जर्मन शल्यचिकित्सकांपुढे त्याने हे संशोधन वाचले. पुंजक्याने राहणाऱ्या जंतूला द्राक्षाच्या घडावरून ‘स्टॅफिलोकोकस’ हे नाव त्याने १८८२ मध्ये दिले. माळेने राहणाऱ्यांसाठी ‘स्ट्रेप्टोकोकस’ हे नाव व्हिएन्नाच्या बिलरोथने त्याआधीच रूढ केले होते. पुढे १८८४ साली रोझेनबाखने घडवाल्यांतील सोनेरी जातीला ‘ऑरियस’ म्हटले.

घड आणि माळ हा भेद केवळ आकाराचा नाही, स्वभावाचाही आहे. घडवाला जंतू रक्तातील प्रथिने गोठवून आपल्याभोवती जणू कूस घालून घेतो आणि आत ठाण मांडतो. म्हणून त्याचा रोग एका जागी साठतो, पिकतो, फुटतो. केसतूड, गळू, काळपुळी, नखुरडे यांच्या मुळाशी बहुधा तोच असतो. माळवाला जंतू मात्र पेशींना जोडणारे द्रव्य विरघळवीत, गोठलेल्या गाठी वितळवीत पसरत जातो. तो पू फारसा करीत नाही, तो धावतो. आपल्या आजीबाईंनी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता, तरी पिकणाऱ्याला त्या ‘गळू’ म्हणत आणि पसरणाऱ्याला ‘धावरे’. आयुर्वेदातील ‘विसर्प’ हा शब्दही सरपटत पसरण्याचेच वर्णन करतो. १८८३ साली फेलायझेन या जर्मन वैद्याने धावऱ्यातून स्ट्रेप्टोकोकस वाढवून दाखविला, तेव्हा त्या शब्दामागचे निरीक्षण किती अचूक होते हे सिद्ध झाले. सुरुवातीला ज्या पायाचे वर्णन केले, तो बहुधा याचाच प्रताप.

येथे सुश्रुताचार्यांचे स्मरण अपरिहार्य आहे, आणि ते केवळ अभिमानापुरते करून भागणार नाही. सुश्रुतसंहितेत व्रणावरील उपचारांचे साठ उपक्रम सांगितले आहेत. व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वर्णिल्या आहेत. कच्चे गळू कापणारा वैद्य आणि पिकलेल्या गळवाकडे दुर्लक्ष करणारा वैद्य या दोघांनाही त्या ग्रंथाने सारखेच निंद्य ठरविले आहे. आजचा शल्यचिकित्सकही हेच सांगतो, की पू झालेल्या गळवाला गोळ्यांपेक्षा चिरा महत्त्वाचा. सूत्रस्थानातील ‘व्रणितोपासनीय’ हा अध्याय तर जखमी माणसाच्या शुश्रूषेचा आहे. त्याची नखे आणि केस कापलेले असावेत, वस्त्र स्वच्छ आणि शुभ्र असावे, खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी, असे तेथे म्हटले आहे.

त्याच अध्यायात रक्तमांसाला लोभावून जखमी माणसाकडे येणाऱ्या निशाचरांचाही उल्लेख आहे. आपल्यातील काही उत्साही मंडळी म्हणतात, हे निशाचर म्हणजेच जंतू. पूर्वजांना सारे ठाऊक होते. असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. काहीतरी अदृश्य जखमेकडे येते आणि स्वच्छतेने ते दूर राहते, एवढे आपल्या आचार्यांनी ओळखले होते, आणि तेवढे पुरेसे मोठे आहे. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगण्याने सुश्रुतांची उंची वाढत नाही. प्रत्यक्ष प्रेत पाण्यात ठेवून, थर थर घासून शरीररचना डोळ्यांनी पाहावी असा आग्रह धरणारा तो आचार्य आहे. त्याच्या हाती सूक्ष्मदर्शक पडता तर त्याने तो डोळ्याला लावला असता, पोथी उघडून बसला नसता.

हे सांगण्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. आजही कित्येक घरांतून जखमेवर शेण थापले जाते, माती दाबली जाते, रक्त थांबावे म्हणून चुलीतली राख भरली जाते. शेण पवित्र, मग ते जखमेला अपाय कसे करील, असा भाबडा प्रश्न त्यामागे असतो. गोमातेविषयीची श्रद्धा आणि जखमेची शुश्रूषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; त्यांची सरमिसळ करण्याने दोन्हींची हानी होते. सावरकरांचे ‘विज्ञाननिष्ठ निबंध’ ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. गुरांच्या आणि घोड्यांच्या आतड्यांत ‘क्लॉस्ट्रिडियम’ कुळातील जंतू सहज राहतात. शेणालिदेतून ते मातीत येतात आणि बीजरूपाने तेथे वर्षानुवर्षे पडून राहतात. खोल, हवा न लागणारी जखम मिळाली की ते बीज जागे होते. त्यांतला एक ‘टेटॅनी’ धनुर्वात घडवितो. कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ साली तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. दुसरा ‘परफ्रिंजेन्स’ स्नायूंत वायू निर्माण करीत मांस कुजवितो. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या शेतांत, पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेल्या त्या सुपीक मातीत, सैनिकांच्या जखमा याच जंतूने सडल्या. गोळी लहान असे, पण तिच्यासोबत मातीने भरलेली कापडाची चिंधी मांसात खोल जाई. शेताला जे अमृत, ते जखमेला विष.

आपल्याकडे याची सर्वांत करुण किंमत नवजात अर्भकांनी मोजली आहे. नाळ विळ्याने कापायची आणि तिच्यावर शेण लावायचे, ही रीत अनेक प्रांतांत होती. आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासे होई, अंग ताठ होई, आणि लोक म्हणत, बाहेरचे काहीतरी झाले. गर्भवतींना लस, स्वच्छ पाते, स्वच्छ धागा आणि नाळेला काहीही न लावणे, एवढ्यावर हा काळ हटला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. तुमच्यासारख्या गावोगावच्या भगिनींच्या हातून झालेले हे काम आहे. त्याचे पोवाडे कोणी गायले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता एका अशा रोगाकडे वळू, ज्याच्या नावातच हिंदुस्थान आहे. १८४० च्या दशकात मदुरेच्या दवाखान्यातील इंग्रज वैद्यांना एक विचित्र पाय वारंवार दिसू लागला. सुजून भलामोठा झालेला, दगडासारखा कठीण, त्यावर अनेक तोंडे आणि त्यांतून पाझरणारे बारीक दाणे. त्यांनी त्याला ‘मदुरेचा पाय’ म्हटले. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत ‘वल्मीक’ म्हणून वर्णिलेला, वारुळासारखा अनेक तोंडांचा विकार याच्याशी पुष्कळ जुळतो. या रोगाचा पद्धतशीर अभ्यास मात्र महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हा तो अभ्यासक. ‘ग्रेज अनॅटमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातील सुंदर आकृत्या काढल्या कार्टरने; नाव मात्र राहिले ग्रेचे. १८५८ मध्ये, ज्या वर्षी ते पुस्तक निघाले त्याच वर्षी, कार्टर मुंबईला आला, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला आणि पुढे कित्येक वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. कापलेले पाय तो उभे चिरून पाही, त्यांतील दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवी आणि चित्रकाराच्या हाताने रेखाटून ठेवी. ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव त्याचेच. १८७४ साली त्याने या रोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परकीय राजवटीचा नोकर होता म्हणून त्याच्या साधनेचे मोल कमी करण्याचे कारण नाही.

कार्टरला सारे दाणे बुरशीचे वाटले. येथे निसर्गाने त्याला फसविले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उलगडले, की हुबेहूब असाच पाय दोन अगदी भिन्न शत्रू घडवितात. एक खरी बुरशी. दुसरे ‘ॲक्टिनोमदुरा’ आणि ‘नोकार्डिया’ यांसारखे, बुरशीसारखे तंतू फेकणारे पण जातीने जीवाणूच असलेले जंतू. पहिल्या नावात ‘मदुरा’ अजून कायम आहे. हे सारे मातीत आणि काट्यांवर असतात. अनवाणी गुराख्याच्या, शेतमजुराच्या पायात बाभळीचा काटा मोडतो, तो विसरून जातो, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, तेथे न दुखणारी गाठ येते. दुखत नाही म्हणून कोणी दाखवीत नाही. हीच या रोगाची खरी कपटनीती. राजस्थानसारख्या कोरड्या, काटेरी प्रदेशात तो अधिक आढळतो, पण आपल्याकडेही अपरिचित नाही. त्या तोंडांतून येणाऱ्या दाण्यांकडे नीट पाहा. बंदुकीच्या दारूसारखे काळे असतील तर शत्रू बुरशी. लाल असतील तर जीवाणू. खसखशीसारखे पांढरे-पिवळे असतील तर दोन्ही शक्यता. प्रयोगशाळाच निर्णय देईल. जीवाणू असेल तर योग्य प्रतिजैविकांनी काही महिन्यांत पाय वाचतो. बुरशी असेल तर औषध वर्षभर आणि अधिकही चालते, आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. दाणा न तपासता पाय कापणे हा त्या गरिबाच्या जन्मभराच्या भाकरीवर घातलेला घाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली या रोगाला उपेक्षित रोगांच्या यादीत घेतले. उपेक्षित रोग हा शब्द तसा सौम्य. उपेक्षा रोगाची नसते, रोग्याची असते.

न दुखणे हाच शाप असलेली आणखी दोन दुखणी आहेत. पहिले कुष्ठ. त्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ मध्ये ओळखला. कुष्ठात बोटे ‘गळून पडतात’ असे आपण म्हणतो. तो जंतू बोटे खात नाही. तो मज्जातंतू बधिर करतो. मग चुलीवरचे भांडे उचलताना हात भाजतो आणि कळत नाही. चप्पलेचा खिळा दिवसभर टोचतो आणि कळत नाही. त्या जखमेत शिरतात ते आपले नेहमीचेच घडवाले, माळवाले जंतू. ते हाडापर्यंत जातात आणि बोट जाते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे पुराव्यानिशी दाखविले. रात्री झोपेत रुग्णांची बोटे उंदीर कुरतडीत आणि त्यांना जागही येत नसे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी रुग्णांना मांजरे पाळायला दिली. ब्रँड मिशनरी घराण्यातले होते. आपले मिशनऱ्यांशी कितीही मतभेद असोत, या ज्ञानाचा लाभ हजारो हिंदू हातांना झाला, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

आपल्या विचारांची मंडळी या क्षेत्रात मागे राहिली असेही नाही. सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेत नोकरी करणारे स्वयंसेवक. त्यांना स्वतःलाच कुष्ठाने गाठले. समाजाने दूर लोटण्याचा दाह भोगलेल्या या माणसाने १९६२ साली छत्तीसगढमधील चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. तेथे पुढे अमरावती जिल्ह्यातील दामोदर गणेश बापट आले. जशपूरच्या वनवासी कल्याण आश्रमात शिकविणारा हा तरुण, कात्रे गुरुजींच्या हाताखाली रुग्णांच्या जखमा धुऊ लागला आणि तेथेच उभे आयुष्य राहिला. त्यांच्या हातचे जेवण जेवला, त्यांच्या सोबत राहिला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये त्यांनी देह ठेवला आणि तो देहही वैद्यकीय शिक्षणासाठी दिला. बहुविध औषधोपचाराने कुष्ठ पूर्ण बरे होते, आणि उपचार सुरू होताच रुग्णाकडून संसर्ग होण्याचे भय फार लवकर संपते. तरीही बधिर झालेल्या पायाची रोजची निगा कोणत्याही गोळीने होत नाही. ती हातांनीच करावी लागते.

दुसरे बधिरतेचे दुखणे आपल्या घराघरांत आले आहे: मधुमेह. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. साखरेने मज्जातंतू बोथटतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात, आणि कुरूप किंवा छोटासा फोड महिनाभर ध्यानातच येत नाही. अशा पायात एकच जंतू क्वचित असतो. भारतीय रुग्णांच्या पायांत आतड्यातले आणि पाण्यातले जंतूही मोठ्या प्रमाणात सापडतात. हिरवट पू आणि त्याला गोडसर वास असेल तर ‘स्यूडोमोनस’ची शंका घ्यावी. देवदर्शनाला तापल्या फरशीवर अनवाणी फिरणाऱ्या मधुमेही आजोबांना पायात मोजे घालायला सांगा. देव रागावणार नाही.

औषधांविषयी थोडेसेच. पेनिसिलिन ज्या पहिल्या गंभीर रुग्णाला दिले गेले तो ऑक्सफर्डजवळचा पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर. चेहऱ्यावरच्या जखमेतून घडवाले आणि माळवाले जंतू अंगभर पसरलेले. गुलाबाचा काटा लागल्याची कथा सर्वत्र सांगतात. बहुधा ती जखम बॉम्बहल्ल्यातील होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये औषध सुरू होताच तो सुधारला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून पुन्हा दिले गेले, तरी साठा संपला आणि १५ मार्चला तो गेला. तेव्हा माणूस गेला तो औषध अपुरे पडले म्हणून. आज उलटी परिस्थिती आहे. औषध गल्लीतल्या दुकानात मिळते आणि तीन गोळ्या खाऊन बरे वाटले की उरलेल्या डब्यात जातात. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकससाठी मेथिसिलिन आले. १९६१ सालीच त्यालाही न जुमानणारा जंतू ब्रिटनमध्ये सापडला. तो आता जगभर आहे, आपल्या रुग्णालयांतही आहे. नायट्यावर खाज थांबते म्हणून चोळल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी तर आणखी एक लाजिरवाणा प्रकार झाला. औषधांना हट्टाने तोंड देणारी नायट्याची एक बुरशी आता अनेक देशांत पोहोचली आहे आणि २०२० साली शास्त्रज्ञांनी तिला नाव दिले ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’. देशाचे नाव जगात करण्याचे याहून बरे मार्ग आहेत.

आता तुमच्या पिशवीकडे येऊ. ताजी जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवावी, माती-काटा काढावा, स्वच्छ कापडाने झाकावी, धनुर्वाताची लस केव्हा घेतली ते विचारावे. नाक आणि वरचा ओठ यांच्या परिसरातील पुळी कधीही दाबू नये; तेथील रक्तवाहिन्यांचा मार्ग थेट मेंदूकडे जातो. पाय लाल होऊन सुजला असेल तर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढावी आणि शेजारी वेळ लिहावी. काही तासांत लाली रेघ ओलांडून गेली, ताप चढला, किंवा जखम दिसते त्या मानाने वेदना असह्य असेल, कातडी काळी-निळी पडू लागली, दाबल्यावर आत कुरकुर लागली, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री गाडी काढावी. मांसावरच्या आवरणाला पोखरणारा संसर्ग तासांच्या हिशेबाने पुढे जातो आणि त्याला शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही. रोगी तालुक्याला पोहोचेल तेव्हा ती रेघ आणि ती वेळ डॉक्टरला तुमच्या चिठ्ठीपेक्षा अधिक सांगेल.

भोजनानंतर याच मंडपात प्रात्यक्षिक आहे. प्रत्येकाने पाय धुऊन, अनवाणी बसावे. शेजाऱ्याचे दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासून काय दिसले ते वहीत लिहावे. बॉलपेन आपापले आणावे.